लाल दिवसांची बस

माझ्या मुलीला एकोणतीसचा पाढा उलटा म्हणता येतो. दोनशे नव्वद, दोनशे एकसष्ट, दोनशे बत्तीस, कुठे अडखळत नाही. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवते तेव्हा लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. आजोबा म्हटलं की मात्र तिला वर्तमानपत्र आठवतं, चष्मा आठवतो आणि खाकरणं आठवतं. दोन्ही गोष्टी माझ्याच हातून झाल्या. पहिलीचं कौतुक पुरे झालं, म्हणून दुसरी लिहून ठेवते.

आम्ही चिपळूणला राहतो. मी लहान होते तेव्हा पावसाची सुट्टी म्हणजे वर्षातून दोन-तीनदा मिळणारी चंगळ होती. शाल्मली शाळेत जायला लागली तोवर अतिवृष्टीच्या लाल इशाऱ्याचे दिवस एका मोसमात पन्नासच्या वर गेले होते. इशारा आला की शाळा बंद, बाजार बंद, मुलांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मुलांनीच त्यांना 'लाल दिवस' हे नाव पाडलं. डोळे उघडले की पहिला प्रश्न, "आई, आज लाल?" मोसमाच्या सुरुवातीला हा प्रश्न आनंदाने यायचा, आणि जुलैच्या मध्यावर रडवेल्या आवाजात.

नेमके तेच दिवस माझ्या कामाचे. मी पूर-मदत केंद्राच्या फोनवर असते, घरूनच. माळ्यावर चढून बसलेली माणसं, औषधं संपलेल्या म्हाताऱ्या, छतावर लेकरं घेऊन उभ्या असलेल्या बायका यांचे फोन येतात. पत्ता विचारायचा, पाणी कुठवर आलंय ते विचारायचं, बोट पाठवायची आणि ती पोचेपर्यंत त्यांना बोलतं ठेवायचं. आपला आवाज हलू द्यायचा नाही. मी या कामात चांगली आहे, हे उगाच विनय न करता सांगते.

नवरा, प्रथमेश, बोटीवर. वर्षातले आठ महिने समुद्रात. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात मी, शाल्मली आणि माझे सासरे, आप्पा.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. तीस-बत्तीस वर्षं, त्यातली बहुतेक चिपळूण-गुहागर गाडीवर. नोकरीची पहिली काही वर्षं त्यांच्या हातात तिकिटांचा ट्रे आणि भोकं पाडायचा पंच होता. पुढे तिकिटाचं मशीन आलं. तेव्हा पंच जमा करायचा होता, तर यांनी तो हरवला म्हणून लिहून दिलं आणि घरी आणला. त्यांच्या आयुष्यातली एवढीच लबाडी मला माहीत आहे.

त्या पंचाच्या जोरावर त्यांनी शाल्मलीसाठी घरातच बस काढली. जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या दोन-दोनच्या रांगेत. सर्वांत पुढे आप्पा, हातात स्टीलचं ताट, ते स्टिअरिंग. शाल्मली कंडक्टर, गळ्यात आप्पांची चामडी बॅग, जी तिच्या गुडघ्यापर्यंत यायची. पडद्याच्या दांडीवरून दोरी सोडलेली आणि तिच्या टोकाला देवघरातली घंटा. एकदा वाजली की गाडी थांबायची, दोनदा वाजली की सुटायची. तिकिटं जुन्या कॅलेंडरची कापलेली. थांबे मात्र खरे, मिरजोळी, गणेशखिंड, रामपूर, मार्गताम्हाणे, चिखली, शृंगारतळी, गुहागर. प्रत्येक थांब्यावर आप्पाच उतारू व्हायचे. कधी टोपली घेतलेली कोळीण, कधी छत्री मिटेना म्हणून दारातच अडकलेले गुरुजी. आणि मिरजोळीला रोज एक नवरदेव चढायचा, मुंडावळ्या बांधलेला, घामाघूम. त्याचं लग्न गुहागरला, मुहूर्त बारा पस्तीसचा. गणेशखिंडीत रोज काहीतरी व्हायचं. म्हशी आडव्या, टायर पंक्चर, कुणाची तरी कोंबडी सुटलेली. नवरदेव रडकुंडीला यायचा आणि शाल्मली हसून हसून खुर्चीवरून घसरायची.

कोरड्या दिवशी बस निघत नसे. "तेव्हा खऱ्या गाड्या चालू असतात गो बायो," आप्पा सांगायचे, "आपली गाडी फक्त रस्ता बंद असला की."

शाल्मली दुसरीत होती, त्या जुलैतली गोष्ट. खेर्डीच्या बाजूची एक बाई फोनवर होती. दोन मुलांना घेऊन कौलांवर बसलेली. मी तिला बोलतं ठेवलं होतं आणि बाहेर आमची बस मिरजोळीहून सुटली. घंटा दोनदा वाजली. आप्पा ओरडले, "चला, चला, पुढे सरका, मागे जागा आहे!"

फोनवरची बाई बोलता बोलता थांबली. "ताई, घंटी वाजली ना आत्ता? गाडी निघाली का हो आमच्याकडे?"

मी म्हटलं, "नाही ओ. ती... ती आमच्या घरातली आहे."

"होय काय," ती म्हणाली. "मला वाटलं, निघाली."

दोन तासांनी बोट पोचली, ती आणि मुलं सुखरूप उतरली. पण त्या 'होय काय'चं मी काय करू? खोलीबाहेर आले, दोरीची घंटा सोडली आणि आप्पांवर ओरडले, "माणसं बुडतायत तिकडे आणि तुमचा पोरखेळ चाललाय!" आप्पांच्या हातात ताट तसंच होतं. "चुकलं गो," ते म्हणाले. शाल्मली बॅगेचा पट्टा चावत उभी होती. पुढच्या आठवड्यात मी पागोळी घेतली.

पागोळी म्हणजे दिसायला साधा, दुधी काचेचा टेबलावरचा दिवा आणि मुलाच्या कानामागे चिकटवायची एक टिकली. तिच्यामागचं शास्त्र मला कळलं तेवढं सांगते. आपल्या मेंदूत घड्याळ नसतं. किती वेळ गेला हे तो घडलेल्या बदलांवरून ठरवतो. दार वाजलं, कुणी आलं, खेळ मोडला, विषय बदलला की तिथे एक कड तयार होते. प्रत्येक कडेपाशी मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग मागच्या प्रसंगाचं गाठोडं बांधतो आणि ठेवून देतो. हीच आठवण. कंटाळलेल्या मुलाला काहीच घडताना दिसत नाही, ते पुढच्या कडेची वाट बघत बसतं आणि त्याची दुपार काही संपत नाही.

पागोळीचा प्रकाश डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकतो. तिच्यातून वळचणीच्या पाण्यासारखा टपटप आवाज येत राहतो. कानामागची टिकली मुलाच्या मेंदूच्या लहरी मोजते आणि प्रकाश-आवाजाची लय त्यांच्याशी जुळवून घेते. लय जुळली की कडा बोथट होतात. मूल झोपत नाही की गुंगत नाही. खेळतं, बोलतं, जेवतं, हसतंसुद्धा, फक्त हळू आवाजात. वेळ तेवढा त्याला जाणवत नाही. सकाळी लावलेला दिवा संध्याकाळी मालवला की ते आश्चर्याने विचारतं, "झाली पण संध्याकाळ?" मोठ्यांवर परिणाम नाही, फार तर डोकं जड होतं.

कंपनीने काही लपवलं होतं असंही नाही. माहितीपत्रकाच्या अठराव्या पानावर स्पष्ट छापलं होतं, 'वापराच्या काळातील गोष्टी लक्षात राहतीलच असे नाही, सबब अभ्यासाच्या वेळी वापरू नये.' ते मी वाचलं होतं. वर्गातल्या सगळ्या आयांनी वाचलं होतं. आणि आम्ही सगळ्या शिकल्यासवरलेल्या बायकांनी त्यातला नेमका एकच शब्द उचलला, अभ्यास. ग्रुपवर एकमेकींना बजावलं, "अभ्यासाला मात्र बंद ठेवा हं." केवढ्या जागरूक आम्ही!

मी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. नऊ ते बारा अभ्यास, दिवा बंद. पाढे, शुद्धलेखन, इंग्रजी. आप्पांनी शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसायचं आणि ती उठली की खाकरायचं, एवढंच काम. बारा ते सहा खेळ, दिवा चालू. वेळापत्रक चोख चाललं. दारावरच्या थापा थांबल्या, "आई, कंटाळा आला" हे तीन शब्द घरातून गेले. बस चालूच राहिली, पण घंटेशिवाय. आप्पा तोंडानेच "टिंग टिंग" म्हणायचे, तेही दबक्या आवाजात. दोन फोनांच्या मध्ये मला ते दारातून ऐकू यायचं आणि बरं वाटायचं. पोर आजोबांबरोबर खेळते आहे, रडत नाही, पाढे येतायत. आणखी काय हवं?

पुढच्या पावसाळ्यात, श्रावणात, आप्पा स्वयंपाकघरात आले. मी चहा टाकला होता.

"सानिका, शालू रोज विचारते, नवरदेव कोण म्हणून."

"मग?"

"काल सांगितलं, परवा सांगितलं. आज पुन्हा, 'आजोबा, हा कोण चढला?' मला वाटलं, मस्करी करते. पण नाही गो. तिला ठाऊकच नाही."

"लहान आहे ती, आप्पा," मी म्हटलं. "मुलं विसरतात."

"सत्तावीसचा पाढा नाही विसरली ती."

फोन वाजला आणि मी कप घेऊन आत गेले. अठरावं पान मला तेव्हाही आठवलं होतं. खोटं कशाला बोलू? पण त्या मोसमात पूर तीनदा आला होता, आणि आठवून मला परवडणार नव्हतं.

शाल्मली चौथीत गेली. ऑगस्टमध्ये चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा वर्गशिक्षिका मोडकबाईंनी पालकांना बोलावलं. त्यांनी मुलांना निबंध दिला होता, 'पावसातली एक गंमत'. अडतीस निबंध त्यांनी टेबलावर ठेवले आणि एकेक वाचायला घेतला. "पावसात मी पाढे पाठ केले." "पावसात आईने मला शुद्धलेखन घातले." "पावसात गंमत नसते." एका मुलाने लिहिलं होतं, "पावसाळ्यात बारा वाजले की संध्याकाळ होते." अडतीस मुलांपैकी एकानेही होडी सोडली नव्हती, भांडण केलं नव्हतं, पत्ते खेळले नव्हते. कुणी भजीसुद्धा खाल्ली नव्हती.

मागून एक बाबा म्हणाले, "बाई, म्हणजे पोरांचा फुकट जाणारा वेळ तेवढा वगळला गेला, असंच ना?" पाचसहा जण हसले. मीही हसले असेन.

मोडकबाई हसल्या नाहीत. "घरात माणसं किती हेही काही मुलांना नीट लिहिता आलं नाही," त्या म्हणाल्या आणि प्रत्येकाचा कागद ज्याच्या त्याच्या हातात दिला. शाल्मलीने लिहिलं होतं, "माझे आजोबा पेपर वाचतात. मी चुकले की खाकरतात. ते कडक आहेत. आई आत असते."

मोडकबाईंनी पागोळीच्या कंपनीचा एक तज्ज्ञही पडद्यावर बोलावला होता. मी उभी राहून त्याला विचारलं, "पण हे सगळं आत कुठेतरी असेलच ना? मोठी झाल्यावर आठवेल?"

तो चांगला माणूस होता, त्याने आढेवेढे घेतले नाहीत. दिव्याआधीचं, अगदी लहानपणचं, उजळणी झाली नाही की तसंही पुसलं जातं, म्हणाला, आणि दिव्याखालचं? "ताई, कपाटात ठेवलेलं उशिरा का होईना सापडतं. यात ठेवलंच गेलेलं नाही. सापडणार काय?"

घरी आले तर आप्पा गॅलरीत बसून पंचाला खोबरेल लावत होते. मी निबंध त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा सारखा करून वाचला, घडी घातली आणि परत दिला. "अक्षर सुधारलं," म्हणाले.

"आप्पा, दिव्यामुळे तिला काहीच..."

"मला गेल्या श्रावणातच कळलं."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगितलं गो. लहान आहे ती, म्हणालीस तू."

मी खाली बसले. "म्हणजे दोन पावसाळे तुम्ही रोज तिला तेच..."

"रोज पहिल्यापासून. त्यात काय? गाडी रोज डेपोतूनच सुटते." मग त्यांनी पंच दोनदा हवेतच दाबून बघितला. "मला एक दिवस दे, सानिका. एकच. दिवा न लावता. दिवा आल्यापासून गणेशखिंडीच्या पुढे गाडी नेलेली नाही मी, मुद्दाम. तिच्या ध्यानात राहील अशा दिवशी गुहागरला पोचवीन म्हटलं नवरदेवाला. तेवढं होऊ दे, मग तुझं तू बघ."

"पुढचा लाल दिवस तुमचा," मी म्हटलं. देवघरातली घंटा आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गंजीफ्रॉकला पुसली.

पुढचा लाल दिवस पाच दिवसांनी आला. बारा वाजता मी दिवा लावला नाही. शाल्मलीने पाच मिनिटं वाट बघितली. "आई, दिवा?"

"आज आजोबांबरोबर खेळ."

दोन वर्षांत लाल दिवशी तिला कंटाळा ही गोष्ट भेटलेलीच नव्हती. तो सोसायची सवय लागते, आणि ती मोडली होती. दहा मिनिटांत तिने घड्याळाकडे सहा वेळा बघितलं. मग रडली. मग माझ्या दारावर लाथ मारली. "हे बाळांचं आहे! मला नाही बसायचं खुर्चीवर!" आप्पांनी खुर्च्या लावल्या, दोरी बांधली, ताट घेतलं आणि एकटेच गाडी चालवायला बसले. मी दार लावून फोन घेतला.

अर्ध्या तासाने मला बाहेर पंचाचा आवाज आला. कट्. मग पुन्हा कट्. मग तिचं बोलणं, "ओ काका, सुट्टे द्या!" मग नवरदेव चढला. "तुम्ही कोण?" तिने विचारलं, आणि आप्पांनी सांगितलं, आणि ती हसली. दबकं हसू नव्हतं ते. पोटातून आलेलं, मोठं, मी दोन वर्षांत न ऐकलेलं. फोनवर बोलता बोलता माझे डोळे भरून आले, इतका आनंद झाला मला.

फोनवर एक वयस्कर गृहस्थ होते. बायकोचं ऑक्सिजनचं मशीन वीज गेल्याने बंद पडलं होतं. बोट निघाली होती. मी त्यांना काम दिलं होतं, मिनिटाभरात ती किती श्वास घेते ते मोजायचं आणि मला सांगायचं. ते मोठ्याने मोजत होते. एकोणीस, वीस, एकवीस...

बाहेर गाडी गणेशखिंडीत अडकली. कोंबडी सुटली असावी, कारण शाल्मली किंचाळली, खुर्ची पडली, आणि घंटा वाजायला लागली, एकदा, दोनदा, दहादा. "पकडा, पकडा! नवरदेवाच्या डोक्यावर बसली!"

"थांबा," गृहस्थ म्हणाले. "कसला आवाज हो? माझं चुकलं. कितीवर होतो मी?"

"एकवीस," मी म्हटलं. "पुन्हा पहिल्यापासून मोजा."

"पुन्हा?" त्यांचा आवाज फाटला. "पुन्हा कसं? तेवढा वेळ आहे का?"

मी उठले. हेडफोन कानावरच होता. बाहेर येऊन मी ओरडले नाही. शाल्मली हसत माझ्याकडे धावली. "आई, कोंबडी!" मी तिला जवळ घेतलं, कानामागे टिकली लावली आणि पागोळीचं बटण दाबलं. टपटप सुरू झाली. माझ्या हाताखाली तिचा खांदा सैल पडला. आप्पा ताट धरून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

बोट वेळेत पोचली. त्या गृहस्थांची बायको वाचली. केंद्राने मला त्याबद्दल प्रशस्तिपत्र दिलं, ते कपाटात आहे.

चारच्या सुमारास फोन थोडे थांबले तेव्हा मी दाराला कान लावला. आप्पा दबक्या आवाजात थांबे म्हणत होते. "रामपूर... मार्गताम्हाणे... चिखली..." मी ऐकत राहिले. "शृंगारतळी. पुढे गुहागर. गुहागर शेवट, सगळ्यांनी उतरायचं." मग आप्पांनी मंगलाष्टक म्हटलं, बसक्या गळ्याने, मधल्या ओळी गाळून. आणि शाल्मलीने हळूच साथ दिली, "शुभ मंगल सावधान." तेवढ्यात माझा फोन वाजला.

सहा वाजता मी दिवा मालवला. दिवाणखान्याभर तांदूळ सांडले होते. शाल्मलीने पायाखाली बघितलं. "आई, तांदूळ कोणी सांडले?"

मी आप्पांकडे बघितलं नाही. केरसुणी घेऊन अक्षता गोळा केल्या. ते खुर्च्या परत टेबलाशी लावत होते.

"पोचवलं गो नवरदेवाला," ते म्हणाले.

"आप्पा, तुम्ही थांबायचं होतं. पुढचा लाल दिवस नक्की..."

"कितींदा पोचवू? मी म्हटलं, दिवा तर दिवा, पण तो बिचारा दोन वर्षं खिंडीत उभा." त्यांनी घंटा देवघरात नेऊन ठेवली. "गाडी डेपोत लावली आता."

त्या मोसमात आणखी सतरा लाल दिवस आले. बारानंतर शाल्मली दिव्याखाली चित्रं रंगवायची आणि आप्पा वर्तमानपत्र वाचायचे. सकाळचंच, पुन्हा.

मार्गशीर्षात, दुपारी, गॅलरीतल्या खुर्चीवर बसल्या बसल्या ते गेले. प्रथमेश चौथ्या दिवशी पोचला. नातेवाईक जमले, बायका शाल्मलीला पोटाशी धरून रडल्या. ती शहाण्यासारखी उभी राहिली. दहाव्याला कुणीतरी तिला विचारलं, "आजोबांची आठवण येते का गं?" तिने खरं ते सांगितलं. "आजोबा मला अभ्यासाला बसवायचे." सगळे म्हणाले, किती गुणी माणूस, नातीच्या अभ्यासाकडे केवढं लक्ष. मी भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

पागोळी अजून घरात आहे. मी नोकरी सोडली नाही, पूरही थांबले नाहीत. आता मी ती कमी वापरते. कमी म्हणजे काय, हे कुणी विचारू नये.

या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला लाल दिवस आला. सकाळी फोन सुरू व्हायला अवकाश होता. शाल्मली, आता पाचवीतली, आप्पांचं कपाट आवरायला मला मदत करत होती. बॅग निघाली, पंच निघाला आणि बुंदीच्या लाडवांचा एक जुना डबा. डब्यात कॅलेंडरची तिकिटं गच्च भरलेली. शेकड्यांनी. प्रत्येकावर आप्पांच्या अक्षरात थांब्याचं नाव आणि एक भोक.

तिने एक उचललं आणि भोकातून खिडकीकडे बघितलं. "ही भोकं कुणी पाडली?"

"तू."

"एवढी? मी नाही." तिने दुसरं तिकीट उचललं. "एकदाच खेळलो होतो आम्ही. मला आठवतंय. खुर्च्या लावल्या होत्या, आजोबा वेडेवाकडे आवाज काढत होते. एक नवरदेव होता आणि कोंबडी सुटली होती. मी खूप हसले होते. मग तू आलीस आणि दिवा लावलास."

मी पंच कपाटाच्या फळीवर ठेवला.

"आई, तो नवरदेव पोचला का गं?"

"पोचला. लग्न लागलं त्याचं. तू अक्षता टाकल्यास. मंगलाष्टकही म्हटलंस आजोबांबरोबर."

"तू होतीस तिथे?"

"नाही. दाराआडून ऐकलं."

तिने तिकीट परत डब्यात ठेवलं. रागावली नव्हती, गणित सोडवताना बघते तशी माझ्याकडे बघत होती. "मी तिथे होते आणि मला माहीत नाही. तू तिथे नव्हतीस आणि तुला माहीत आहे." आणि मग, अगदी साधेपणाने, "मग तू बाहेर का नाही आलीस?"

टेबलावर माझ्या हेडफोनचा दिवा लागला. दिवसातला पहिला फोन. मी तिच्याकडे बघितलं, हेडफोनकडे बघितलं. तिने डब्याचं झाकण लावलं.

"घे तू," ती म्हणाली. "कुणीतरी वाट बघत असेल."

मी हेडफोन चढवला आणि पलीकडच्या माणसाला पत्ता विचारला. माझा आवाज हलला नाही. ती बाहेर गेली आणि जाताना सवयीने, आवाज होणार नाही इतक्या बेताने, माझ्या खोलीचं दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने बाहेर दिव्याची टपटप सुरू झाली.